मयताच्या नंबरवरून येणारी खबर

ती घटना आजही आठवते, आणि दिवस मावळताना फोन वाजला की जरा जास्तच.

तेव्हा मी शिरूर तालुक्यातल्या एका पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. भीमेच्या या काठावर ऊस, पलीकडे दौंड तालुका, तिथेही ऊस, आणि उसात बिबटे. दोन्ही काठांच्या वस्त्यांनी मिळून एक व्हॉट्सॲप ग्रुप काढला होता. बिबट्या दिसला की त्यावर टाकायचं. त्या ग्रुपचे ॲडमिन, सत्तरीतले एक आबा, हजेरी चालू असतानाच ठाण्यात आले.

"साहेब, आमच्या ग्रुपवर मेलेला मानूस मेसेज टाकतोय."

मयत मला माहीत होता. पाटाच्या पाण्याच्या चारीपाशी बिबट्याने त्याला मारलं होतं आणि पंचनामा आमच्याच ठाण्याने केला होता. मोबाईल तेवढा सापडला नव्हता.

"काय लिहितो?"

"बिबट्या कुठं हाय ते. आन् दर टायमाला खरं निघतंय. सकाळी बघावं तर तिथंच ठसे."

"मग ग्रुपमधून काढत का नाही?"

"तुम्हीच काढा. मला नातवंडं हायेत."

हवालदार हसला. आबा हसले नाहीत. "दुसऱ्या कुनी टाकलं तर लोक फोटो मागत्यात. ह्याचं लगेच ऐकत्यात. मेलेला मानूस कशाला खोटं बोलंल, म्हंत्यात."

मला चोराचा संशय आला. आधी खऱ्या खबरा देऊन विश्वास कमवायचा, मग एकदा सगळ्यांना घरात बसवून विहिरींवरच्या मोटारी उचलायच्या. चोर नसला, तरी त्याची एक खबर चुकली असती तर कुणाचा तरी जीव गेला असता. टॉवर लोकेशन मागवलं. दोन्ही काठांना टॉवर एकच, त्यामुळे त्याचा उपयोग झाला नाही.

खबऱ्या नवा असला की मी तीन गोष्टी तपासायचो. त्याने स्वतः पाहिलं का, आधीचं किती खरं ठरलं, आणि खोटं बोलून त्याला काय मिळणार. आबांचा फोन घेऊन सगळे मेसेज वाचले. पुरुष लिहायचे, "अमक्याच्या रानात बिबट्या." हा नंबर आधी लिहायचा, "पोरं आत घ्या," आणि मग जागा.

वर सरकत गेलो. तो माणूस गेला त्या संध्याकाळी वेगळ्याच नंबरवरून मेसेज होता: "पोरं आत घ्या. चारीपाशी बिबट्या हाय." खाली उत्तरं. "वहिनी, मांजर आसंल." "फोटो टाका वहिनी." शेवटी एक हसरा चेहरा. तो तिच्या नवऱ्याने, म्हणजे मयतानेच, टाकला होता. त्यानंतर तो मोटार बंद करायला त्याच चारीकडे गेला.

महिला कॉन्स्टेबलला घेऊन वस्तीवर गेलो. मयताचं घर शेवटचं, उसाला लागून. बाईने आमच्याकडे पाहिलं आणि काही न विचारता ज्वारीच्या डब्यातून मोबाईल काढून समोर ठेवला.

"सावडून येताना चारीत घावला," ती म्हणाली.

"बिबट्या आलेला तुम्हाला कळतो कसा?"

"ह्याच वाटंनं येतो. आधी कुत्री गप व्हत्यात. मंग मी पत्र्याच्या फटीतनं बघते."

"स्वतःच्या नंबरवरून का टाकत नाही?"

"टाकलं व्हतं की, साहेब."

दिवस मावळत होता. वाटेवर पोरं क्रिकेट खेळत होती. बोलता बोलता वस्तीतली कुत्री गप झाली. सगळी, एकदम.

बाईने फटीला डोळा लावला. मी तिला तिच्याच नंबरवरून लिहायला सांगितलं. आबांनी मलाही ग्रुपमध्ये घेतलं होतं, त्यामुळे मेसेज माझ्या फोनवर आला. पाठोपाठ कुणाचं तरी उत्तर: "फोटो, वहिनी?" बाहेर चेंडू भिंतीवर आपटत राहिला.

पोरांना आत घालवायला मी उठलो. तेवढ्यात तिने नवऱ्याचा मोबाईल उचलला आणि तेच शब्द पुन्हा लिहिले. मी दारापर्यंत पोचायच्या आत आयांच्या हाका सुरू झाल्या. मग कड्या लागत गेल्या, एका घरामागून एक, वस्तीच्या दुसऱ्या टोकापर्यंत. चेंडू वाटेवरच राहिला. थोड्या वेळाने घरामागच्या उसातून लाकडावर करवत फिरावी तसा बिबट्याचा आवाज आला.

गुन्हा घडलेला नाही, असा शेरा मारून आबांचा तक्रार अर्ज निकाली काढला. दुसऱ्या दिवशी आबांनी विचारलं, "कळलं का, कोन हाय?"

"कळलं. त्या नंबरला काढू नका."

"म्हंजी... तोच?"

मी हजेरीचं रजिस्टर पुढे ओढलं.

माझ्या तिन्ही कसोट्यांना ती बाई उतरली होती. ग्रुपची कसोटी एकच होती, मेसेजवर नाव कुणाचं. तेव्हापासून मी कुठल्याही ग्रुपवर आधी मजकूर वाचतो, पाठवणाऱ्याचं नाव नंतर.

त्या ग्रुपमध्ये मी अजून आहे. मयताच्या नंबरवरून मेसेज येतात. तिच्या नंबरवरून त्या संध्याकाळनंतर एकही आलेला नाही.