देवकाबाईचा टायफॉइड

यवतमाळला फार्मसीचा डिप्लोमा करून सुधाकररावांनी १९८४ साली आंध्रातल्या, आदिलाबादजवळच्या बेला गावात औषधाचं दुकान टाकलं. दोन वर्षांतच त्यांना कळून चुकलं, की आपण जे शिकून आलो ते इथे कुणालाच नको आहे. लोकांना अँपिसिलिनच्या लाल-काळ्या कॅप्सूल हव्या असत, त्याही फक्त दोन. सर्दी होवो की कापूस वेचून अंग दुखो, मागणी तीच.

“सर्दीवर ही चालतच नाही. सर्दी विषाणूची असते, ही जंतूवर चालते,” ते सांगत.

“मंग दुकानात ठेवता काऊन?” असं म्हणून गिऱ्हाईक समोरच्या किराणा दुकानात जाई. तिथे बिडीबंडलांच्या शेजारीच कॅप्सूल सुट्या मिळत.

१९९१ च्या पोळ्यानंतर गावातल्या डोमाजीची बायको देवकाबाई तापाने आडवी झाली. आदिलाबादच्या डॉक्टरांनी टायफॉइड सांगितला आणि त्यावरचं नेहमीचं औषध, क्लोरॅम्फेनिकॉल, लिहून दिलं. सुधाकररावांनी कॅप्सूल दिल्या, वेळा दोनदोनदा समजावल्या. देवकाबाईने एकही चुकवली नाही. तरी आठव्या दिवशी ताप होता तसाच.

डोमाजी दुकानात आला तो तणतणतच. “नकली माल इकून राह्यले काय तुमी? तिच्या पोटात पाणी ठरत नाही अन् तुमी इथं आरामात बसले!”

सुधाकररावांनी पाकीट पुढे केलं, तारीख दाखवली. तो बघायलाही तयार नव्हता. शेवटी दुकान बंद करून ते स्वतःच त्याच्यासोबत देवकाबाईला आदिलाबादला घेऊन गेले. डॉक्टरांनी तिचं रक्त नागपूरला तपासायला पाठवलं. रिपोर्ट आला तेव्हा सुधाकररावांनी तो डोमाजीला वाचून दाखवला. टायफॉइडची तीन नेहमीची औषधं तिच्या जंतूवर चालत नव्हती.

“म्हंजे काय जी?” डोमाजीने विचारलं. आता त्याचा आवाज खाली आला होता.

“प्रत्येक औषधाचं काम येगळं रायते. लाल-काळी कॅप्सूल जंतूले त्याच्या भवतालची भिंत बांधू देत नाही, मंग तो फुटून मरते. देवकाबाईले देली ती जंतूची वाढ थांबवते, उरलेलं काम आपलं शरीर करते. तिसरी, सल्फाची गोळी त्याले लागणारं एक जीवनसत्त्व बनवू देत नाही. या जंतूनं तिन्हीवर तोड काढली.”

“तोड कशी काढली? आमी त एक गोळी चुकवली नाही.”

“तुमी नाही. पण गावोगाव लोक दोन-दोन कॅप्सूल खाऊन सोडून देतात. त्यातून जे जंतू वाचतात तेच वाढतात. तेच पाण्यातून देवकाबाईच्या पोटात गेले.”



डॉक्टरांनी सिप्रोफ्लॉक्सासिन नावाची नवी, मोठी गोळी दिली. एका जंतूचे दोन होताना त्याच्या डीएनएची जी नक्कल निघावी लागते, ती ही गोळी निघू देत नाही. चौथ्या दिवशी ताप उतरला आणि देवकाबाई म्हणाली, “आता गोळी कायले?” त्या दिवसापासून सुधाकरराव रोज सकाळ-संध्याकाळ तिच्या घरी जाऊन समोर बसून गोळी गिळायला लावत. दहा दिवस. ती वाचली.

त्यानंतर त्यांनी दुकानावर मराठीत आणि तेलुगूत पाटी लावली: ‘सर्दीला कॅप्सूल मिळणार नाही.’ गिऱ्हाइकं आणखी कमी झाली.

१९९६ च्या हिवाळ्यात डोमाजी पुन्हा आला. “नातवाले शेंबूड आला जी. ते मोठी गोळी द्या, अर्धी.”

सुधाकरराव खवळलेच. “अर्धी? एवढं सगळं झाल्यावर, डोमाजी? त्याले काहीच लागत नाही. गरम पाणी पाजा.”

“बायकोले देली, नातवाले नाही! असं का?” डोमाजी रागाने समोरच्या किराणा दुकानात शिरला. तिथे आता तीही गोळी सुटी मिळे.

सुधाकररावांना चैन पडेना. तासाभराने दुकानाचं दार ओढून घेऊन ते त्याच्या घरी गेले. देवकाबाई ओट्यावर नातवाला मांडीवर घेऊन बसली होती. शेजारच्या वाटीतलं औषध संपलेलं होतं.

“देलं मी पाण्यात घोळून,” ती हसून म्हणाली. “यानंच त मी वाचली. या ना भाऊ, बसा. चहा टाकते.”

सुधाकरराव बसले. तिने दिलेला चहा त्यांनी मुकाट्याने प्यायला.

चार दिवसांनी पोराची सर्दी गेली. ती कशीही जाणारच होती. पण डोमाजीच्या नातवाला गुण आला असं ऐकून त्या आठवड्यात पाच जणांनी सुधाकररावांकडे सर्दीसाठी तीच मोठी गोळी मागितली.