जावयाची पहिली आंघोळ आणि माझी मोटरसायकल

आधी चहा संपवा बुवा, नाहीतर हसताना ठसका लागेल आणि त्याचंही खापर माझ्यावर फुटेल! माझी नवीकोरी मोटरसायकल गेली, राव. चोरीला नाही. मीच दिली, आणि तीसुद्धा हात जोडून!

झालं काय, आमच्या पल्लवीचा दिवाळसण होता. लग्नानंतरची पहिली दिवाळी, जावईबापू राजगुरुनगरहून मुक्कामाला आलेले. आणि नेमकी नरक चतुर्दशीच्या आदल्या दिवशी आमच्या गिझरने मान टाकली. दिवाळीत चिंचवडमध्ये इलेक्ट्रिशियन शोधून बघा एकदा! निम्मं शहर आपापल्या गावी गेलेलं असतं. आमचा फोनवर म्हणाला, "काका, मी बीडला हाय. भाऊबीज झाली की येतो."

सुनंदा, म्हणजे आमची ही, रडकुंडीला आली. "पहिल्या दिवाळीला जावयाला गार पाणी? विहीणबाईंना तोंड कसं दाखवू मी? गॅसवर पातेली ठेवते."

"पातेली कसली ठेवतेस? मी आहे ना!"

तुम्हाला माहीत नसेल तर सांगतो, मी चाकणला एका कंपनीत आहे. लालभडक तापलेले गिअर पाण्याच्या टाकीत बुडवून गार करायचे, हे आमच्या खात्याचं काम. सगळी नोकरी तापवण्यात आणि गार करण्यात गेली. मला आंघोळीचं पाणी शिकवता?

घरात छातीएवढं उंच स्टीलचं पिंप होतं, तळाशी नळ असलेलं. ते बाथरूममध्ये स्टुलावर चढवलं, काठोकाठ भरलं, तोंडावर लाटणं आडवं टाकलं आणि लाटण्याला पाणी तापवायचा रॉड लटकवला. रॉड आखूड, पिंप उंच. म्हणजे रॉड नुसता वरच्या पाण्यात. असेना का! पाणी एकच, पिंप एकच, तापेल की सगळं!

उजाडता उजाडता बटण बंद केलं, वायर काढली आणि वरून बोट बुडवलं. आई गं! चटकाच बसला. झाकण लावलं आणि डरकाळी फोडली, "जावईबापू, चला! पाणी कढत आहे!"

सुनंदाने तेल-उटणं लावून दिलं आणि जावई आत गेले. नळ सुटल्याचा आवाज आला. मग पहिला तांब्या. मग आतून असा काही आवाज आला, की शेजारचा कुत्रा भुंकायला लागला.

"फार तापलंय वाटतं हो," सुनंदा म्हणाली.

मी दाराशी जाऊन ओरडलो, "विसण घ्या, विसण! गार पाणी मिसळा थोडं!"

"न... नको!" आतून एवढंच.

बघता बघता जावई बाहेर. ओठ घट्ट मिटलेले, चेहरा काळानिळा, हात काखेत. फराळाच्या ताटाकडे नजरसुद्धा न टाकता जे निघाले ते थेट जिना उतरून खाली!

सुनंदा कपाळाला हात लावून म्हणाली, "रुसले!"

आता पहिल्या दिवाळीला जावयाने रुसायचं आणि सासऱ्याने काहीतरी देऊन समजूत काढायची, ही आपली जुनी रीत. पण हल्लीची मुलं कुठे रुसतात, म्हणून आम्ही गाफील! गॅलरीतून वाकून बघितलं. आमच्या पार्किंगमध्ये सकाळचं ऊन एकाच कोपऱ्यात पडतं, आणि त्याच कोपऱ्यात माझी मोटरसायकल उभी. दसऱ्याला घेतलेली. कित्येक वर्षं कंपनीच्या बसमध्ये डुलक्या काढल्यावर घेतलेली! जावयाने सीटवर दोन्ही तळवे टेकले. सीट हळूच कुरवाळली. आणि बसले की हो वर!

"गाडीवर डोळा आहे त्यांचा," सुनंदा कुजबुजली.

खरं सांगतो, त्या गाडीवर माझा जीव होता. पण लेकीची पहिली दिवाळी! मी फराळाचं ताट घेऊन खाली धावलो.

"जावईबापू, छानसं घड्याळ घेऊ या?"

त्यांची मान हलली. नाही!

"सूट शिवू या?"

मान आणखी जोरात हलली.

"मोबाईल? नवा, मोठा?"

आता तर मान, खांदे, गुडघे, सगळंच नाही म्हणायला लागलं! शेवटी मीच विचारलं, "मग... ही गाडी?"

एव्हाना ऊन चांगलं वर आलं होतं. जावयाची मान थांबली. एकदम स्थिर!

मी किल्ली हातात कोंबली. "अहो बाबा, असं काय करताय?" ते म्हणाले, तर मी शपथ घातली. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्याही आलं, पण कारण वेगळं.

मग मी आंघोळीला गेलो. नळ सोडला, तांब्या डोक्यावर ओतला, आणि शेजारचा कुत्रा पुन्हा भुंकला! बर्फ हो, नुसता बर्फ! झाकण उघडून वर हात घातला, तर चटका.

काय झालं ते क्षणात कळलं. तापलेलं पाणी हलकं होतं, ते वरच राहतं. गार पाणी जड, ते तळ सोडत नाही. रॉड तळाशी असता, तर खालचं तापून वर गेलं असतं, वरचं गार खाली आलं असतं आणि पिंपभर पाणी फिरलं असतं. माझा रॉड वर लटकलेला, आणि नळ खाली! आणि कंपनीत आमच्या टाकीवर पाटी आहे, 'आधी ढवळा, मग मोजा.' कोणी लिहिली? मीच लिहिलीये!

टॉवेल गुंडाळून तसाच खाली पळालो. पल्लवी आणि जावई मोरया गणपतीच्या दर्शनाला निघाले होते, गाडी फाटकापाशी पोचलेली.

"जावईबापू! पाणी कसं होतं हो?"

त्यांनी हेल्मेटची काच वर केली. "मस्त होतं बाबा. एकदम... ताजं!" आणि गेले भुर्रकन. आता दिलेली किल्ली परत मागू? जावयाकडून? दिवाळीत, टॉवेलवर?

भाऊबीज झाल्यावर इलेक्ट्रिशियन दारात उभा राहिला, तेवढ्यात पल्लवीचा फोन आला. "बाबा, मी यांना खोदून खोदून विचारलं. ते रुसले नव्हतेच हो, कुडकुडत होते! आणि त्यांनी एक निरोप दिलाय."

"काय गं?"

"म्हणाले, बाबांना सांग, गिझर दुरुस्त करू नका. पुढच्या दिवाळीला कार बघतोय!"