विचारल्याशिवाय बदलू नकोस

ऑफिसात तिला तोंडावर सगळे ‘बाई’ म्हणत आणि पाठीमागे ‘खडूस बाई’. तिला दोन्ही ठाऊक होती. दुसरं नाव तिला जास्त आवडायचं, कारण ते कमावलेलं होतं.

वस्तू कशी वापरायची हे सांगणारा पातळ कागद खोक्यात येतो ना, जो लोक खोक्यासकट फेकून देतात, तो लिहिण्यात तिचं अर्धं आयुष्य गेलं. मिक्सर, इस्त्री, पाण्याचा पंप, लहान मुलांचा पाळणा. नेम एकच: स्वतःच्या हाताने चालवून बघितल्याशिवाय एक अक्षर लिहायचं नाही. इस्त्रीपायी सासूबाईंची चांगली चादर जळाली, पंपापायी मोरीत तळं झालं, पण कागदावर खोटं उतरलं नाही. पुढे कारखान्यांनी कागद छापणंच बंद केलं, तेव्हा ती एका सॉफ्टवेअर कंपनीत आली. यंत्रं दिसेनाशी झाली. नेम तोच राहिला.

कंपनीचं काम माहिती इकडून तिकडे पोचवण्याचं. दुकानातल्या गल्ल्यावरची विक्री मुख्य ऑफिसात, गोदामातला साठा खरेदी खात्यात. अशा प्रत्येक वाटेला तिथे ‘जोडणी’ म्हणत. ती कधी चालू व्हायची, माहिती कुठून उचलायची, कुठे टाकायची, अशी तिची सेटिंग्ज. आजवर ही सेटिंग्ज माणसं बदलत होती. आता एआय एजंट बदलणार होता. त्याला साध्या भाषेत सांगायचं, की तो एक अवजार, म्हणजे त्या कामापुरता छोटा प्रोग्राम, उचलून सेटिंग बदलून मोकळा. त्या अवजाराची माहिती लिहायचं काम बाईंकडे आलं.

बाईंनी रीतीप्रमाणे चाचणीची जागा मागून घेतली. दोन खोट्या जोडण्या केल्या, एकीचं नाव ‘विक्री’, दुसरीचं ‘विक्री जुनी’. मग एजंटला सांगितलं, “ती विक्रीची जोडणी आता लागत नाही, बंद कर.” मनात जुनी होती, पण मुद्दाम तसं म्हटलं नाही.

एजंटने क्षणात चालू जोडणी बंद केली, जुनी तशीच ठेवली, आणि वर आनंदाने कळवलं, “झालं! आणखी काही करू?”

“आणखी काही नको रे बाबा,” बाई पडद्याकडे बघून म्हणाल्या. खरं दुकान असतं तर दिवसभराची विक्री मुख्य ऑफिसात पोचलीच नसती आणि कुणाला पत्ताही लागला नसता. त्यांनी अवजाराच्या माहितीपानावर सगळ्यात वर लिहिलं: ‘हे अवजार चालू जोडणी लगेच बदलतं. कोणती जोडणी, याबद्दल जराही शंका असेल तर एजंटने माणसाला विचारावं. विचारल्याशिवाय बदलू नये.’

दुसऱ्या दिवशी साहेबांनी बोलावलं. माणूस वाईट नव्हता, फक्त वरून दट्ट्या बसला की खाली जोरात बोलायचा. तोंडावर मोठं गिऱ्हाईक होतं.

“बाई, पान झकास आहे. फक्त वरचं ते काढा.”

“का? खोटं आहे?”

“खोटं कोण म्हणतंय? पण गिऱ्हाईक बिचकतं. आपण सांगतोय की एजंट सगळं सांभाळेल, आणि तुम्ही पहिल्याच ओळीत घाबरवताय.”

“बिचकू दे की. बिचकलेला माणूस बघून पाय टाकतो.”

“बाई, एका ओळीसाठी अडून बसू नका.”

“एकच ओळ आहे ना? मग राहू दे.”

साहेबांनी ओळ स्वतः काढली. बाईंनी जेवणाच्या सुट्टीआधी परत घातली. साहेबांनी पुन्हा काढली आणि पान बदलायचा बाईंचा हक्कही काढून घेतला. पानाखाली ‘लेखन’ म्हणून बाईंचं नाव असायचं. त्यांनी साहेबांना कळवलं, “माझं वाक्य नाही त्या पानावर माझं नावही नको.” नाव गेलं.

घरी नवरा म्हणाला, “जाऊ दे ना. पगार तर कापत नाहीत?” बाई अशा काही वळल्या की तो भाजी ढवळायला लागला. कोपऱ्यातून सासूबाई बोलल्या, “माझी चादर जाळून शिकलीय ती. आता ऐकेल होय? मी असते तर दोन ओळी घातल्या असत्या.” सासूसुनेचं एरवी मिठापासून बिनसायचं, त्या दिवशी मात्र एकमत झालं.

अवजार बांधणारा इंजिनीअर अबोल. हेडफोन कायम गळ्यात, कानावर क्वचित. तो दुसऱ्या दिवशी आपणहून बाईंच्या टेबलापाशी आला.

“बाई, तुम्ही पानावरून भांडताय. एजंट ते पान वाचतच नाही.”

“मग काय वाचतो?”

“अवजाराच्या आत वर्णन असतं. काय करतं, कधी वापरायचं. तेवढंच वाचून तो ठरवतो.”

“ते कोण लिहितं?”

“मीच. घाईघाईत.” तो जरा ओशाळला.

“आण इकडे.”

वर्णन एका ओळीचं होतं: ‘जोडणीची सेटिंग्ज बदलतं.’ बाईंनी कपाळाला हात लावला आणि दुपारभर बसून ते नव्याने लिहिलं. ‘सांगितलेलं सेटिंग तेवढंच बदल. बाकीच्यांना हात लावू नकोस. सारख्या नावाच्या दोन जोडण्या दिसल्या तर थांब आणि विचार. विचारल्याशिवाय बदलू नकोस.’ मग चोरून नाही, चांगलं उजळ माथ्याने, मजकूर घेऊन साहेबांपुढे उभ्या राहिल्या.

“तुमचं पान तुमच्याकडे. हे एजंटसाठी आहे. तो बिचकत नाही.”

“आणि मी नाही म्हटलं तर?”

“तर तसं लिहून द्या. ‘शंका असली तरी न विचारता बंद करायला हरकत नाही.’ खाली सही करा. मी तेही घालते.”

साहेबांनी सहीसाठी पेनाचं टोपण काढलं आणि परत घातलं. मग म्हणाले, “तुमच्याशी बोलणं म्हणजे भिंतीवर डोकं आपटणं आहे.” पण नाही म्हणाले नाहीत. इंजिनीअरने संध्याकाळच्या आत वर्णन चढवलं.

गिऱ्हाईक आलं त्या दिवशी बाई शेवटच्या रांगेत बसल्या होत्या. कुणी बोलावलं नव्हतं. समोर साहेबांनी एजंटला जोडणी बंद करायला सांगितली. एजंट म्हणाला, “या नावाच्या दोन जोडण्या आहेत. कोणती बंद करू?”

पाहुण्यांच्या प्रमुखाने भुवया उंचावल्या. “दर वेळी असं विचारणार? हे बंद करता येतं का?”

साहेबांनी तोंड उघडायच्या आत मागून आवाज आला, “नाही.”

सगळी खोली वळली. बाई जागच्या हलल्या नाहीत. “शंका असेल तेव्हाच विचारतो. तेव्हा विचारलंच पाहिजे.”

साहेब घाईने पुढचा विषय काढू लागले. पाहुण्यांबरोबर आलेली हिशेबनीस मात्र सरसावून बसली आणि सारख्या नावाच्या जोडण्यांबद्दल एकेक प्रश्न काढू लागली. तिच्याकडे म्हणे तसल्या ढिगाने होत्या. सौदा त्या दिवशी झाला नाही. पुढे झाला, तोही ठरवलं होतं त्यापेक्षा लहान. बाईंमुळे लहान की बाईंमुळे झाला, यावर ऑफिसात आजही दोन तट आहेत.

वर्षअखेरीच्या शेऱ्यात साहेबांनी लिहिलं, ‘काम उत्तम. सहकार्य कमी.’ बाईंनी सही केली आणि सहीखाली ठळक अक्षरांत लिहिलं, ‘दुसरं वाक्य मान्य नाही.’ बढती त्या वर्षी गेली. वाईट वाटलं, नाही कसं. त्या दोन दिवस कुणाशी धड बोलल्या नाहीत आणि घरी तिखट जास्त पडलं.

सोमवारी इंजिनीअर नवं अवजार घेऊन आला. हे जोडणी बदलणारं नव्हतं, कायमची पुसून टाकणारं होतं. वर्णन त्याने मोकळंच ठेवलं होतं. बाईंनी चष्मा चढवला, खुर्ची पुढे ओढली आणि म्हणाल्या, “आधी काहीतरी पुसून दाखव मला.”