तांदळाच्या ताटातली अपराजिता

आज कोल्हापुरात घरी नवी सून आली. नाव बदलायला तांदळाचं ताट मांडलेलं बघून मला माझं लग्न आठवलं.

सत्तरच्या दशकात असंच ताट माझ्यापुढं आलं होतं. सासूबाई म्हणाल्या, "आजपासून तू सुलभा."

मी म्हटलं, "माझा जन्म दसऱ्याचा. सीमोल्लंघनाला पुजतात त्या देवीचं नाव वडिलांनी ठेवलंय, अपराजिता. म्हणजे कधीच न हरणारी. तेच लिहा की!"

नवऱ्यानं अंगठीनं तेच लिहिलं. सासूबाईंनी कितीतरी दिवस अबोला धरला.

आज त्याच सासूबाई, नव्वदीतल्या, खुर्चीतनं ओरडल्या, "ताट आत न्या! पोरीचं नाव हाय तेच ऱ्हाऊ द्या. एकदा हरलीया मी, बास झालं!"

मैत्रिणींनो, तुमच्यापैकी किती जणींचं माहेरचं नाव त्या तांदळात पुसलं गेलं?