माझ्या नावानं दिलेला होकार

पडद्यावर माझा मेल होता. मीटिंग रूममधले दिवे मालवलेले, आणि आदल्या दिवशी मी लिहिलेली वाक्यं भिंतभर मोठी करून लावलेली. आमचे डायरेक्टर श्रीरंग सर पडद्याशेजारी उभे. हातात लेझर. लाल ठिपका माझ्या एकेका शब्दावर थांबत थांबत चालला होता.

"धिस इज राँग. काइंडली डू द नीडफुल."

त्यांनी वाचलं. मग पुन्हा वाचलं, कचेरीतल्या कारकुनाचा आवाज काढून. खोली हसली. माझ्या शेजारी बसलेल्या सायलीनं हसू दाबायला पाण्याची बाटली तोंडाला लावली.

"मॅडम, हे जर्मनीत वाचतात, जपानमध्ये वाचतात. खाली कंपनीचं नाव आहे. हा काय तलाठ्याला अर्ज आहे का?"

पुन्हा हशा.

"आणि रिव्ह्यू म्हणजे सवलतीचे मार्क नव्हेत. इथं मेरिट लागतं."

या वेळी कुणी हसलं नाही. दोघा-तिघांनी माझ्याकडे बघितलं आणि लगेच मोबाइलमध्ये मान घातली. माझं आडनाव त्या खोलीत सगळ्यांना माहीत होतं. त्याचा अर्थही माहीत होता.

मी चूक कशाला म्हटलं, हे कुणी विचारलं नाही. मेलच्या खालच्या भागात ते सविस्तर लिहिलेलं होतं. लाल ठिपका तिथपर्यंत गेलाच नाही.

आमचं काम काय असतं ते सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. कंपनी भोसरीत आहे. कारखान्यातल्या मशिनींचे कंट्रोलर बोर्ड बनवते. बोर्डावर एक ऑपरेटिंग सिस्टम चालते. ती कुणा एकाच्या मालकीची नाही. तिचा कोड उघडा आहे, जगातल्या कुणीही वाचावा, सुधारावा. सुधारायचं तर आपला बदल लिहून एका सार्वजनिक मेलिंग लिस्टवर पाठवायचा. तिथले लोक तो वाचतात, चुका काढतात, भांडतात. वाचणाऱ्याला पटला तर तो बदलाखाली आपलं नाव देतो. रिव्ह्यूड-बाय, आणि पुढे नाव. म्हणजे मी हा बदल नीट वाचला आहे आणि माझ्या मते तो बरोबर आहे. मग त्या विभागाचा कोड सांभाळणारा माणूस, मेन्टेनर, तो मूळ कोडात घेतो. नाव कोडासोबत कायमचं राहतं.

मला हे काम फार आवडायचं. मी पिंपरीत वाढले. बाबा लातूरकडून आले आणि प्रेस शॉपमध्ये लागले. माझी शाळा पालिकेची, नंतर डिप्लोमा, नंतर नोकरी करत डिग्री. प्रत्येक दारात आधी आडनाव विचारलं गेलं, मग काम. लिस्टवर कुणी काही विचारलं नाही. कुठल्या तरी देशातला माणूस लिहायचा, तुमचा मुद्दा बरोबर आहे, दुरुस्त करतो. त्याला माझी वस्ती माहीत नव्हती. माझं इंग्रजी मोडकं होतं, पुष्कळदा त्याचंही असायचं. काम अडलं नाही. अशी कैक वर्षं गेली. वॉचडॉगच्या कोडात माझ्या नावाला थोडं वजन आलं.

श्रीरंग सरांनी लिस्टवर पाठवलेला बदल त्या वॉचडॉगचाच होता. वॉचडॉग म्हणजे बोर्डावरचं एक घड्याळ. मशीन चालवणाऱ्या प्रोग्रामनं त्याला सतत सांगत राहायचं, मी जागा आहे. प्रोग्राम अडकला, गप्प झाला, की घड्याळाची मुदत संपते आणि बोर्ड मशीनची हालचाल तोडतो. एका मोठ्या गिऱ्हाइकापुढे डेमो चालू असताना मशीन असंच थांबलं होतं. सरांची फजिती झाली. प्रोग्राम का अडकतो ते शोधायला वेळ लागला असता. म्हणून त्यांनी दुसरं काढलं. 'मी जागा आहे' हा निरोप प्रोग्रामऐवजी सिस्टमनंच परस्पर देत राहायचा. प्रोग्राम मेलेला असला तरी घड्याळाला वाटणार, सगळं ठीक आहे.

कारखान्यात याला एकानं दुसऱ्याचं हजेरीचं कार्ड पंच करणं म्हणतात. त्यासाठी कामगाराला घरी पाठवतात.

माझा धाकटा भाऊ कुरुळीत राहतो. तिथल्या एका शॉपमध्ये हायड्रॉलिक प्रेसवर कंत्राटी कामाला आहे. त्या प्रेसवर आमचाच बोर्ड आहे. प्रत्येक जॉब, म्हणजे दाबून तयार झालेला तुकडा, काढायला तो हात आत घालतो. पूर्वी भेटला की चिडवायचा, "ताई, तुमचं डबडं मधेच बंद पडतं राव. सुपरवायझर बोंबलतो." मग स्वतःच म्हणायचा, "पण चालू राहून हात खाण्यापेक्षा बंद पडलेलं परवडलं."

म्हणून मी लिस्टवर लिहिलं होतं, हे चूक आहे.

पडद्याच्या तमाशानंतर नवा नियम निघाला. मी लिस्टवर थेट लिहायचं नाही. मसुदा सायलीला द्यायचा. ती इंग्रजी नीट करणार, सर नजर टाकणार, आणि टीमच्या पत्त्यावरून मेल जाणार. मी मान्य केलं. मुद्दा पोचला म्हणजे झालं, एवढाच हिशेब केला. आक्षेप नव्यानं लिहिला. प्रोग्राम अडकला तर हालचाल कशी चालू राहील ते पायरी पायरीनं मांडलं. सायलीला दिला.

काही दिवसांनी बदल मूळ कोडात गेल्याचा मेल आला. मी उघडला. वर सरांचं नाव. मध्ये कोड. खाली रिव्ह्यूड-बाय. पुढे माझं नाव. पूर्ण, आडनावासकट.

मी खुर्ची मागे ढकलली आणि सायलीकडे गेले.

"सायली, मी काय लिहून दिलं होतं?"

"मॅडम, मी फक्त टोन सॉफ्ट केला."

"मी चूक म्हटलं होतं. इथं लिहिलंय, आधीच्या शंका आपसात बोलून मिटल्या."

"ते सरांनी घातलं. ते म्हणाले, ऑफलाइन बोलणं झालंय तुमचं."

"झालंय का?"

"मला काय माहीत, मॅडम? तुम्ही दोघं सीनियर."

सायली नदीपलीकडे औंधला राहते, चांगल्या शाळेत शिकली. वाईट मुलगी नाही. तिनं चूक केली असं तिला वाटत नव्हतं.

रीत अशी आहे की बदलाची दुसरी आवृत्ती पाठवताना, पहिलीला ज्यांनी ज्यांनी होकार दिला त्यांची नावं पाठवणारा स्वतःच खाली जमा करतो. कुणी तपासत नाही. विश्वासावर चालतं. सरांनी शंका मिटल्याचा मेल पाठवला, दुसऱ्या आवृत्तीत माझं नाव घातलं. मेन्टेनरनं ओळखीचं नाव बघितलं आणि बदल घेतला.

मी सरांच्या केबिनमध्ये गेले.

"या, बसा ना."

मी बसले नाही. "माझं नाव काढा."

"अहो, क्रेडिट मिळालं तुम्हाला! बाईचं नाव, त्यात तुमच्या समाजातल्या. केवढं चांगलं दिसतं बाहेर. लोक मागे लागतात यासाठी."

"मी होकार दिलेला नाही."

"नावच तर आहे." ते स्क्रीनकडे वळले. "आणि आता ते निघत नाही. हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहितीय."

माहीत होतं. एकदा घेतलेला बदल आणि त्याखालची नावं मागे जाऊन खोडत नाहीत. चूक निघाली तर उलटा बदल नव्यानं पाठवतात, जुनं जसंच्या तसं राहतं. हाच नियम मी नव्या मुलांना अभिमानानं सांगायचे.

त्या दुपारी कँटीनमध्ये डबा बाजूला सारला आणि माझ्या खाजगी पत्त्यावरून लिस्टला मेल लिहिला. कुणाला दाखवला नाही. या बदलाखाली माझं नाव आहे. मी ते दिलेलं नाही. मी हा बदल वाचला होता आणि नाकारला होता. कारण असं असं. पाठवला.

मेन्टेनरचं उत्तर सभ्य होतं. परवानगीशिवाय नाव घालणं गंभीर आहे, दोन्ही बाजूंनी खुलासा करावा. सरांचा खुलासा लगेच आला, सुरेख इंग्रजीत. भाषेच्या अडचणीमुळे आमच्या सहकाऱ्याचा गैरसमज झालेला दिसतो, आम्ही आपसात बोलत आहोत, बदल गिऱ्हाइकाकडे तपासून झाला आहे. शेवटी हसरा चेहरा. मी पुन्हा लिहिलं की गैरसमज नाही. मग दुसऱ्या कुठल्या कंपनीतला कुणी म्हणाला, आमच्याकडे हा बदल छान चालतोय. त्यानंतर कुणीच काही म्हटलं नाही. लिस्टवर मेलचा लोंढा असतो. माझा मेल खाली गेला.

ऑफिसात मला लेखी ताकीद मिळाली. विषय, कंपनीची बदनामी. लिस्टचं काम काढून घेतलं. युजर मॅन्युअल तपासायला दिलं. इंग्रजी मॅन्युअल. हा विनोद कुणीतरी विचार करून केला असणार. चहाला जाताना लोक मला हाक मारेनासे झाले. एक जण जिन्यात भेटला, हळूच म्हणाला, "मॅडम, जाऊ द्या ना. कुणाकुणाशी भांडणार?" आणि वर कुणी येतंय का बघून निघून गेला.

नवं सॉफ्टवेअर बोर्डांवर गेलं. रविवारी मी कुरुळीला गेले.

"ताई, आता एक नंबर चाललंय तुमचं मशीन," भाऊ दारातूनच म्हणाला. "बंदच पडत नाही. सुपरवायझर जाम खूश."

"हात घालू नकोस आत."

"मग जॉब कसा काढू? फुंकर मारून?"

तो हसला. त्याची बायकोही हसली. मी दोघांना बसवून सगळं सांगितलं. घड्याळ, निरोप, माझं नाव. सांगून झाल्यावर कुणी हसलं नाही.

"मालकाला सांग," मी म्हटलं.

"मी? कंत्राटी माणूस मी, ताई. उद्या गेटवरच थांबवतील."

मग मीच गेले मालकाकडे. त्यानं खुर्ची दिली, पाणी दिलं, ऐकून घेतलं. "मॅडम, तुमच्याच कंपनीचं लेखी आणा. मी लगेच मशीन थांबवतो." लेखी मिळणार नाही हे त्यालाही कळत होतं. मशीन बंद न पडण्यात त्याचा फायदा होता.

मी भोसरीतून एक लांब चिमटा घेऊन गेले. भावानं एक पाळी वापरला. चिमट्यानं टार्गेट होत नाही, म्हणाला. 

परतताना पुणे-नाशिक रस्त्यावर ट्रेलरांच्या रांगेत बस अडकली. बसल्या बसल्या एक गोष्ट साफ झाली. तोपर्यंत मी समजत होते की माझा अपमान त्या पडद्यासमोर झाला. इंग्रजीला हसले, जात काढली. ते मला नवं नव्हतं. त्याला मी सरावले होते, आणि सरावले हेही वाईटच. पण खरं जे झालं ते हसणं संपल्यावर झालं. ज्या बाईला मेरिट नाही म्हणाले, तिचंच नाव त्यांना लागलं. नावाला वजन होतं म्हणून वापरलं. बाईला वजन नव्हतं म्हणून विचारलं नाही. माझ्या बापाची मजुरी घेतली, माझी अक्कल घेतली, तोवर मी त्याला नोकरी म्हणत होते. आता माझी साक्ष घेतली. खोटी. आणि तिच्या आधारावर माझ्याच भावाचा हात प्रेसखाली ठेवला.

एचआरची बाई परवा गोड आवाजात म्हणाली, "मॅडम, तुम्हाला दुसरीकडे जास्त बरं वाटेल, नाही?" मी म्हटलं, नाही. राजीनामा देणार नाही. काढायचं तर काढा, आणि का काढलं ते लिहून द्या.

घरी माझा स्वतःचा एक बोर्ड आहे. त्यावर मी त्यांचं नवं सॉफ्टवेअर घातलं, छोटी मोटर जोडली आणि प्रोग्राम मुद्दाम अडकवला. मोटर फिरतच राहिली. त्याचा व्हिडिओ घेतला. बदल उलटा फिरवणारा कोड लिहिला, तो घातल्यावर मोटर थांबते त्याचाही व्हिडिओ घेतला. दोन्हींचा दुवा देऊन तो कोड लिस्टवर पाठवला. खाली नाव माझं, मी स्वतः टाइप केलेलं. इंग्रजी कुणाकडून तपासून घेतलं नाही.

अजून उत्तर आलेलं नाही. लिस्टची रीत म्हणते, बदल नाकारायचा तर कारण सगळ्यांसमोर लिहा. गप्प राहूनही नाकारता येतं, हे मला आता कळलंय. उत्तर आलं नाही तर मी तोच बदल दुसरी आवृत्ती म्हणून पाठवीन. मग तिसरी. आणि कुरुळीत, चाकणमध्ये, ज्या ज्या शॉपमध्ये हा बोर्ड आहे तिथं सुटीच्या दिवशी जाऊन गेटवर उभी राहीन आणि प्रेसवरच्या माणसांना मराठीत सांगीन, हे मशीन आता तुमच्यासाठी थांबत नाही.

ही बाई त्रास देते, असं म्हणतील. देते. प्रोग्राम अडकल्यावर ती प्रेस पुन्हा थांबायला लागेपर्यंत देणार.