बाबांच्या कोटाचा वास

हे मी आजवर कोणालाही सांगितलेलं नाही. आईला नाही, धाकट्या भावाला नाही, माझं बाकी सगळं जिला ठाऊक आहे त्या ऑफिसातल्या मैत्रिणीलाही नाही. तुम्ही मला ओळखत नाही म्हणून सांगते आहे, असं लिहिणार होते. पण तेही खरं कारण नसावं. असो.

आधी घरचं सांगावं लागेल. आम्ही ग्वाल्हेरच्या लष्कर भागातले. पणजोबा संस्थानच्या फौजेत होते. बाबा टोपी बाजारात एका ठोक कापडवाल्याकडे गठ्ठे उचलायचे. दिवसभर विडी, संध्याकाळी दारू. पगार घरी यायचा तो निम्मा, कधी तोही नाही. आई डाळीत पाणी घालत जायची, आणि महिनाअखेरीला तर ताटात नुसतं फोडणीचं पाणीच यायचं. मी सात वर्षांची होते. मला वाटायचं, सगळ्यांच्याच घरी डाळ अशी असते.

मग शेजारचे कदमकाका एका गुरुवारी बाबांना त्यांच्या पंथाच्या सत्संगाला घेऊन गेले. पंथाचं नाव लिहीत नाही, तुम्ही ऐकलेलंही नसेल. नियम कडक. कांदा-लसूण नाही, चहा नाही, बाहेरचं खाणं नाही, सिनेमा नाही. दारू-तंबाखूचं तर नावसुद्धा नाही. गळ्यात माळ आणि दिवसातून पाच वेळा, ठरलेल्या वेळेला नाम. बाबांनी माळ घातली आणि त्याच दिवशी विडीचं बंडल नाल्यात टाकलं. परत कधी शिवले नाहीत.

हे वाक्य लक्षात ठेवा. परत कधी शिवले नाहीत.

घर सुधारलं. डाळ घट्ट झाली. मी शिकू शकले ते त्यामुळेच. आमच्या सगळ्या खानदानात कॉलेजची पायरी चढलेली पहिली मी आहे, आणि ते मी अभिमानाने सांगते. पण बाबांचंही एक शिक्षण झालं. चौथीपर्यंत शिकलेला माणूस पोथीतलं जुनं मराठी एकेक ओळ बोट ठेवून, महिनोन्‌महिने शिकला, आणि पुढे गुरुवारचा वाचक झाला. बाजारात त्यांना सगळे ‘ए जाधव, इधर आ’ म्हणायचे. गुरुवारी मात्र साठ-सत्तर माणसं हात जोडून त्यांच्यासमोर बसत. वाचताना त्यांचा आवाज वेगळाच लागायचा. मला तो आवडायचा.

चोविसाव्या वर्षी मी पंथ सोडला. विमा कंपनीत नोकरी लागली होती आणि पंथाचे प्रमुख भर सत्संगात म्हणाले की मुलींनी परक्यांच्या पंगतीत डबा खाणं बरं नव्हे. मी उठले, माळ काढली, त्यांच्यापुढे ठेवली. ‘मग ही राहू द्या तुमच्याकडेच,’ म्हटलं. घरी आई रडली. बाबा म्हणाले, “तोंडावर बोललीस ना? पाठीमागे तर नाही? मग ठीक आहे.”

हा किस्सा मी शंभर वेळा सांगितला असेल. ऑफिसात, प्रवासात, नव्या ओळखीत. खरं बोलायला मी कोणाच्या बापाला भीत नाही — हे माझं आवडतं वाक्य होतं.

जे कधीच सांगितलं नाही ते त्याच्यापुढचं आहे.

माळ गेल्यावर हात आपोआप गळ्याशी जायचा आणि तिथे काही नसायचं. नामाच्या पाच वेळा अंगात मुरल्या होत्या. ती वेळ झाली की जीव नुसता कासावीस व्हायचा. काय करायचं त्या वेळांचं? भोपाळच्या ट्रेनिंगमध्ये एकीने सिगारेट पुढे केली. मी ओढली, खोकले, हसले. परत आले तेव्हा दिवसाला पाच झाल्या होत्या. पाचच. ठरलेल्या वेळेला. मला वाटायचं मी स्वतंत्र झाले. तुम्हाला हसू येईल, पण मला ते मोजूनसुद्धा कळलं नाही.

चार बाहेर व्हायच्या. पाचवी संध्याकाळची, घरची. वाळलेले कपडे काढायच्या निमित्ताने मी गच्चीवर जायची. आमच्याकडे थंडी हाडात शिरते. माझ्या स्वेटरला वास लागला असता, म्हणून खुंटीवरचा बाबांचा तपकिरी लोकरी कोट वर चढवायची. थंडीसाठी नाही. वासासाठी. इतका विचार मी केला होता. त्या कोटाला वास लागला तर पुढे काय, हा मात्र केला नाही. की केला होता? आज खात्रीने सांगता येत नाही.

बाबा तोच कोट घालून सत्संगाला जायचे.

पहिल्यांदा कदमकाकांनीच थट्टा केली. “क्यूँ जाधव, सर्दी पडली म्हणून इंजिन फिर से चालू केलंस का?” बाबा हसले. “अहो काका, ती भट्टी तर कधीच विझली.” घरी येऊन त्यांनी हे आम्हाला सांगितलंसुद्धा, विनोद म्हणून. मी पोळी लाटत होते. लाटतच राहिले.

दोन गुरुवारांनी प्रमुखांनी कोट हातात घेऊन हुंगला. मग थट्टा राहिली नाही. आमच्या घरात आयुष्यात विडी ओढलेला माणूस एकच. मुलगी सिगारेट ओढत असेल हे कोणाच्या मनात तरी कसं यावं? बाबांनी शपथ घेतली असती, पण पंथात पोथीवर हात ठेवून शपथ घेणंच पाप. प्रमुख म्हणाले, कबूल करा, नव्याने माळ घ्या, प्रश्न मिटला. बाबा म्हणाले, जे केलं नाही ते कबूल कसं करू?

कबूल होईपर्यंतचे नियम ठरलेले होते. पोथीला हात नाही, बैठक दाराबाहेर चपलांपाशी, आणि घरी ताट वेगळं. आई पंथाची पक्की. तिने त्याच रात्रीपासून त्यांचं ताट स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेर वाढायला सुरुवात केली. वाढताना वर बघायची नाही. बाबा म्हणायचे, “अगं, मी ओढली नाही गं.” ती म्हणायची, “मग वास काय भिंतीतून येतो?”

आणि मी? मी आतल्या बाजूला बसून जेवत होते. पंथ सोडलेली, माळ परत केलेली, सिगारेट ओढणारी मी. आत.

दर रात्री ठरवायची, उद्या सांगीन. सोपं होतं ना? एक वाक्य. पण भर सभेत माळ ठेवणाऱ्या मला ते वाक्य आलं नाही. माळ काढणारी मुलगी — तिच्याबद्दल लोक निदान ताठ आहे म्हणतात. सिगारेट ओढणारीबद्दल काय म्हणतात ते मला ठाऊक होतं. आणि प्रमुख म्हणाले असते, बघा, पंथ सोडल्यावर हेच होतं. त्यांचं खरं ठरलं असतं. तेवढं मला सोसवलं नसतं.

पण गप्प राहणं एवढाच माझा गुन्हा असता तर कदाचित मी हे लिहिलंही नसतं. गप्प तर पुष्कळ जण राहतात.

एका रविवारी सकाळी बाबा गच्चीवर उन्हात बसले होते. मला हाक मारली. कोट त्यांनी अंगातून काढून बाजूला ठेवला होता. म्हणाले, “बेबी, इकडे ये. एक बात विचारायची आहे. तू तर आता तिकडची राहिली नाहीस, तुला कोणाचं भय नाही. तू सच सांगशील.” मग हाताची बाही वर केली आणि मनगट माझ्या नाकापुढे धरलं, लहान मुलं धरतात तसं. “कोटाचं सोड. मला येतो का वास? माझ्या अंगाला?”

त्यांच्या अंगाला साबणाचा वास येत होता. कपडे धुवायच्या साबणाचा — ते त्यानेच आंघोळ करायचे.

मी म्हटलं, “हो बाबा. थोडा येतो.”

का म्हटलं? मी ‘नाही’ म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता, मग कोटाला कसा? त्या पुढच्या प्रश्नाला भ्यायले. एवढंच आहे. याहून मोठं कारण मी खूप शोधलं.

त्यांनी मान हलवली. रागावले नाहीत. स्वतःचं मनगट पुन्हा एकदा हुंगलं. “म्हणजे आतलाच असणार,” म्हणाले. “इतकी वर्षं ओढली, तो धूर जाणार कुठे? आता निघतोय.”

त्या दिवसापासून त्यांनी वाद घालणं सोडलं. ते दोन वेळा आंघोळ करू लागले, जानेवारीतही, गार पाण्याने. मी घाबरून घरची सिगारेट बंद केली, कोटाचा वास गेलाही, पण आता तो हुंगतंय कोण? वर्षभराने प्रमुख स्वतः म्हणाले, जाधव, या आत, झालं गेलं. बाबा हात जोडून म्हणाले, “नाही महाराज, माझ्यातच आहे तो. पोथीला लागेल.” चार वर्षं ते चपलांपाशी बसले. तिथूनच, ओठ हलवत, आतल्या वाचकाबरोबर पाठ म्हणायचे. चार वर्षं उंबऱ्याबाहेर जेवले. मग एका दुपारी बाजारातच छातीत कळ येऊन गेले.

आई पाहुण्यांना सांगते, “बाकी देवमाणूस. एक विडी तेवढी सुटली नाही बघा त्यांची.” मी पाण्याचे पेले घेऊन उभी असते. आता सांगितलं तर तिला कळेल की आपण चार वर्षं कोणाला बाहेर वाढत होतो. तिला ते सोसणार नाही, म्हणून मी गप्प आहे — असं मी स्वतःला सांगते. हे कारणही मला फार सोयीचं आहे, हे मला कळतं.

सिगारेट मी सोडली. चौदा महिने झाले, एकही ओढलेली नाही. आईला अजून सांगितलेलं नाही.