तिसरा पुरावा

माझ्या सासूबाईंचा फोन माझ्यापासून पूर्ण सुरक्षित आहे, आणि त्याचं सगळं श्रेय मलाच जातं.

मी न्हावऱ्याच्या महिला बचत गटाची सचिव. शिरूरला आमचं एक दिवसाचं प्रशिक्षण झालं. विषय : ऑनलाइन खातं सुरक्षित कसं ठेवावं. मॅडमनी सांगितलं की आपण आपणच आहोत हे तीन प्रकारे पटवता येतं. एक, आपल्याला माहीत असलेली गोष्ट, म्हणजे पासवर्ड. दोन, आपल्याजवळची वस्तू, म्हणजे फोन. तीन, आपण स्वतः, म्हणजे बोट किंवा चेहरा. एकाच कुलपावर विसंबू नका, दोन तरी लावा.

मी घरी येऊन तिन्ही लावली! (अर्धवट काम मला जमत नाही.) सुरुवात सासूबाईंच्या फोनपासून केली, कारण बारा वर्षं न बदललेला नंबर घरात तेवढाच. माझ्या मोनालीच्या नर्सिंग प्रवेशाच्या अर्जावरही तोच दिला होता. फोनला सासूबाईंचं बोट लावलं. पिन त्यांनाच ठरवायला सांगितला. बंद स्क्रीनवर मेसेज दिसू नयेत अशी सोय केली. वर बजावलं, "पिन कुणाला सांगायचा नाही. मी मागितला तरी नाही. हल्ली आवाजसुद्धा हुबेहूब काढतात."

सासूबाई चौथी शिकलेल्या, पण ऐकलेलं विसरत नाहीत.

मोनालीला कॉलेजांचा पसंतीक्रम भरायचा होता. साइट दोन दिवस झोपलेली, ती उठली शेवटच्या दिवशी दुपारी. मुदत पाचपर्यंत. सासूबाई सकाळीच कासुर्डीला माझ्या नणंदेकडे गेलेल्या. ओटीपी लागेल म्हणून त्यांनी आठवणीने फोन घरी ठेवला होता. बोट मात्र सोबत नेलं!

हे आमच्या लक्षात आलं ते शिरूरच्या स्टँडजवळ, फॉर्म भरायच्या दुकानात, साडेचार वाजता. पासवर्ड टाकला, ओटीपी आला, फोन टिंग वाजला आणि कुलूप लावून गप्प बसला. माझा फोन घाईत घरीच राहिलेला, मोनालीकडे तेव्हा स्वतःचा नव्हता. मोनालीला नणंदेचा नंबर पाठ होता म्हणून बरं. दुकानदाराच्या फोनवरून लावला, स्पीकर चालू केला. नणंदेने आपला फोन सासूबाईंच्या हातात दिला.

"आत्याबाई," मी सासूबाईंना म्हटलं, "पिन सांगा. मोनालीचा फॉर्म अडलाय."

"कोण बोलतंय?"

"मी, सुरेखा."

"नंबर तर तिचा न्हाई."

मी म्हटलं, निदान आवाज तरी ओळखा. त्यावर त्या शांतपणे म्हणाल्या, "आवाज आजकाल कुणाचाबी काढत्यात. आमची सुरेखाच सांगती."

मोनाली रडवेली होऊन "आज्जी" म्हणाली, तर पलीकडून, "आता नातीचाबी काढला व्हय?"

वस्तू बाद, आवाज बाद. राहिली ती फक्त माहिती. घड्याळात पावणेपाच. मागे रांगेत सहा जण, सगळे कान टवकारून.

"बरं, एक सांग," सासूबाई म्हणाल्या. "लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात माझी लोणच्याची बरणी कुणी फोडली?"

मी हुश्श केलं. "मांजरानं."

"त्ये समद्या न्हावऱ्याला ठावं हाय. कुणीबी सांगंल. ठेव फोन."

मोनालीने माझ्याकडे पाहिलं. तिला नर्स व्हायचंय हे ती सातवीपासून सांगते. तिच्या आजोबांना, आबांना, सुई टोचायची वेळ आली की घरात तीच पुढे होते. बावीस वर्षं जपलेलं गुपित एका बाजूला, पोरीचं एक वर्ष दुसऱ्या बाजूला.

"मी फोडली," मी म्हटलं. "फळीवरून काढताना निसटली. खापऱ्या उकिरड्यात पुरल्या आणि मांजराचं नाव घेतलं."

रांगेतला एक जण खोकला. मग सासूबाई नणंदेला म्हणाल्या, "सुरेखाच हाय." आणि मला, "आधी त्यो स्पीकर बंद कर. लोकं हसत्यात ती ऐकू येत्यात मला."

पिन मिळाला. (तो काय होता, ते मी इथेही सांगणार नाही.) पाचला आठ मिनिटं कमी असताना फॉर्म गेला. मोनाली आज नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला आहे.

सासूबाईंनी घरी आल्या आल्या पिन बदलला. "सांगितलेला पिन ऱ्हात न्हाई," म्हणाल्या. गटाच्या बैठकीत मी त्यांना पुढे बसवून सगळा प्रकार सांगितला. प्रशिक्षण मी घेतलं, पण ते खरं शिकल्या त्या, हे सांगताना माझा ऊर भरून आला.

फक्त परवा त्या सहज म्हणाल्या, की एकदा वापरलेला प्रश्नही आता बदलावा लागेल. तेव्हापासून मला झोप नाही. बावीस वर्षांत मी अजून दोन गोष्टी मांजरावर ढकलल्यात, आणि त्यातली एक तर मांजर मेल्यानंतरची आहे.